लवणीतला ठोका

पायावर पाय टाकून बसलं की वरचं पाऊल आपसूक हलतं. निवांत असाल तेव्हा बघा. वरच्या पायाची गुडघ्यामागची लवण खालच्या गुडघ्यावर टेकलेली असते, तिथून जाणाऱ्या धमनीत रक्ताचा धक्का येतो आणि तेवढ्यानं चपलेचं टोक केसभर वर जाऊन खाली येतं. माझ्या उजव्या पायाचं टोक चांगलं बोटभर उडायचं. "पाय हलवू नका हो, वाचताना लक्ष जातं माझं," असं बायको म्हणायची आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं, "मी कुठं हलवतोय? तो हलतोय."

खरं सांगायचं तर मला त्याचं कौतुकच होतं. त्रेसष्टाव्या वर्षी रक्ताला एवढा जोर! एकदा नातवाला हसवायला अंगठ्यावर कागदाची होडी ठेवून ती नाचवून दाखवली होती. लाटेवर डुलावी तशी होडी डुलत होती, आणि तो टाळ्या पिटत होता.

होडीखालची ती लाट म्हणजे गुडघ्यामागच्या धमनीला आलेला ३१ मिलिमीटरचा फुगा होता. हे कळायला पुढं पाच महिने लागले.

आधी लवणीबद्दल. जमिनीचा उतार खाली जाऊन पुन्हा वर चढतो त्या खोलगट जागेला लवण म्हणतात, तशीच गुडघ्यामागची ही लवण. लवायची जागा म्हणून लवण. आपण स्वतःचं शरीर आरशात पुढून पाहतो, पाठमोरं क्वचित पाहतो, आणि गुडघ्याची लवण तर कधीच नाही. मांडीतून येणारी धमनी इथं खोल, हाडाला लागून उतरते. तिच्यावर शीर, शिरेवर मज्जातंतू, आणि वर चरबीचा थर. पाय दुमडला की हे सगळं चेपतं, सरळ केला की ताणतं. दिवसातून किती हजार वेळा, देव जाणे.

माझ्या दुखण्याची सुरुवात मात्र लवणीत झाली नाही, पायाच्या बोटात झाली. अंगठ्याशेजारचं बोट एका सकाळी जांभळं दिसलं. वाटलं, बूट चावला. रात्री ते बोट असं ठणकायला लागलं की पांघरूण लागलेलं सोसेना. बोट गार, बाकी पाऊल बरं. आठवड्याभरात जांभळेपणा उतरला आणि मी विसरूनही गेलो. मग चालताना पोटरी भरून यायला लागली. खुर्चीच्या कडेला मांडी टेकली की मागं काहीतरी दबतंय असं वाटायचं. हात लावला तर लिंबाएवढी गाठ.

पहिल्या ठिकाणी गाठ नुसती बघितली गेली. गुडघ्यात पाणी झालं की ते मागं पिशवी करून बसतं, या वयात पुष्कळांना होतं, पुढच्या आठवड्यात सुई घालून काढून टाकू, असं सांगण्यात आलं. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. तशा पिशव्या खरंच असतात आणि फुग्यापेक्षा कितीतरी जास्त आढळतात. फक्त गाठीवर बोटं ठेवून दोन श्वास थांबायला हवं होतं. पिशवी ठोके देत नाही.

सोनोग्राफी केवळ सोपस्कार म्हणून लिहून दिली होती. काळोख्या खोलीत पालथा पडलो. मशीनवर बसलेली मुलगी माझ्या मुलीच्या वयाची असेल. तिनं जेली लावली, गुडघ्यामागं प्रोब टेकवला, पडद्यावर एक काळं वर्तुळ उमटलं. मग तिनं कुठलंसं बटण दाबलं आणि त्या काळ्या वर्तुळात लाल आणि निळा रंग एकमेकांभोवती गरगर फिरायला लागले. तिचा हात थांबला. "काका," ती म्हणाली, "इथं अजून कुणी सुई घातलेली नाही ना?"

तिच्या आवाजानं मला पहिल्यांदा भीती वाटली. आजाराचं नाव अजून कळायचं होतं.

नाव पुढं कळलं. दवाखान्यात सगळे ॲन्युरिझम म्हणतात, किंवा सरळ फुगा. आमच्या शाळेच्या पुस्तकात धमनीला रोहिणी आणि शिरेला नीला म्हणत. कोशात शोधलं तर शब्द सापडला, रोहिणीविस्फार. विस्फार म्हटलं की मला विस्फारलेले डोळेच आठवतात. शब्द सुंदर आहे. रोगाला इतका सुंदर शब्द वाया घालवायला नको होता.

धमनीचा एखादा भाग तिच्या मूळ व्यासाच्या दीडपट झाला की त्याला हे नाव लावतात. पुरुषाच्या गुडघ्यामागची धमनी साधारण सात ते नऊ मिलिमीटरची. २० मिलिमीटरच्या पुढं गेली की दुरुस्तीचा विचार करायचा, असा साधारण संकेत. हातापायांच्या धमन्यांना येणाऱ्या फुग्यांत सर्वांत जास्त इथंच, गुडघ्यामागं येतात, आणि येतात ते बहुतांशी पुरुषांना. बिडी-सिगारेट हे मोठं कारण. मी तीस वर्षं ओढल्या आणि दहा वर्षांपूर्वी सोडल्या. सोडल्याबद्दल पाठ थोपटून घ्यायला शल्यविशारदांकडं गेलो नव्हतो, पण विषय काढला. ते म्हणाले, "सोडलीत ते उत्तम." पुढच्या वाक्यात तीस वर्षांचा हिशेब होता, तो इथं लिहीत नाही.

त्यांची तपासण्याची रीत माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. माझा गुडघा किंचित वाकवला, दोन्ही अंगठे पुढं वाटीवर टेकवले आणि आठही बोटांची टोकं मागून लवणीत रुतवली. क्षणभरही गेला नसेल. "इथली नाडी मला शोधावी लागते," ते म्हणाले. "शोधूनही पुष्कळदा लागत नाही. तुमची न शोधता लागली, हेच वाईट." मग हात खाली पावलावर नेला, घोट्याच्या आतल्या बाजूला नेला, पुन्हा पावलावर आणला. इथं बराच वेळ गेला. "आणि इथली लागायला हवी, ती लागत नाही."

फुगा म्हटला की माणसाला तो फुटण्याची भीती वाटते. लवणीतला फुगा फुटतोही, पण क्वचित. त्याची खरी भीती बुजण्याची. हे मला लगेच पटलं, कारण माझा जन्म पाण्याच्या नळवाहिन्यांचे नकाशे काढण्यात गेला. वाहिनी मध्येच रुंद झाली की पाण्याचा वेग पडतो, कडेला भोवरे होतात आणि तिथं गाळ बसतो. रक्ताचा गाळ म्हणजे गुठळी. सीटी अँजिओग्राफीच्या चित्रात माझ्या फुग्याच्या भिंतीला आतून गुठळीचे थर बसलेले दिसत होते, खोडातल्या वर्तुळांसारखे, आणि मधून रक्ताची जेमतेम वाट. त्या गाळाचा कण सुटला की तो पुढं जाऊन बारीक वाहिनीत अडकतो. माझं जांभळं बोट म्हणजे असा एक कण होता. बुटाला मी उगाच दोष दिला. गुडघ्याखाली पायाला तीन धमन्या जातात; तिन्हींपैकी दोन अशाच कणांनी आधीच बंद झाल्या होत्या. एका वाहिनीवर पाय चालला होता, आणि मी त्याच्या अंगठ्यावर होडी नाचवत होतो.

पूर्ण बुजला तर? मी विचारलं. काही तासांत पाय वाचवायची धावपळ करावी लागते आणि दरवेळी तो वाचतोच असं नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. सांगताना आवाज खाली-वर केला नाही, त्याचं मला बरं वाटलं.

अशांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांच्या दुसऱ्या गुडघ्यामागंही फुगा असतो, आणि पुष्कळांच्या पोटातल्या महाधमनीलाही. म्हणून पोट बघितलं. पोट साफ होतं. डावा गुडघा १६ मिलिमीटर. "त्याच्यावर नजर ठेवू," एवढंच बोलणं झालं.

उपाय दोन होते. जांघेतून तार सरकवायची आणि कापड चढवलेली जाळीची नळी फुग्याच्या आतून बसवायची. रक्त नळीतून जातं, फुगा बाहेर राहतो. एक-दोन दिवसांत घरी. दुसरा, मागून चीर देऊन फुगा उघडायचा आणि त्या जागी माझ्याच पायातली शीर जोडायची. मी अर्थातच पहिल्याकडं झुकलो. ते म्हणाले, वय फार असेल, हृदय अधू असेल, जोडायला धड शीर नसेल तर मीही नळीच टाकतो. पण ही वाकायची जागा आहे. धातूची जाळी तिथं वर्षानुवर्षं दुमडत राहते, कधी तडकते, कधी बुजते. शिवाय खाली तुमची एकच वाट उरलीय. शीर मवाळ असते, पायाबरोबर वाकते. मग त्यांनी कागद ओढला आणि चित्र काढलं. रेघ स्वच्छ होती. आरेखकाचा विश्वास रेघेवर बसतो. मी सही केली.

दुरुस्तीच्या आधीच्या आठवड्यात माणूस वाचू नये ते वाचतो. मी जॉन हंटर या जुन्या शल्यविशारदाबद्दल वाचलं. १७८५ साल, डिसेंबर महिना, लंडनमधलं सेंट जॉर्ज रुग्णालय. पंचेचाळिशीचा एक घोडागाडी हाकणारा, गुडघ्यामागं मोठा फुगा. त्या काळी या दुखण्याला दोनच वाटा होत्या. मांडीतून पाय कापायचा, नाहीतर फुग्याच्या वर आणि खाली धमनी बांधून तो उघडायचा, जे दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या अँटिलस या ग्रीक वैद्यापासून चालत आलेलं होतं. पण फुग्याला लागून असलेली धमनी आधीच सडकी. तिथं बांधलेली गाठ तुटायची आणि माणूस रक्त जाऊन मरायचा. हंटरनं फुग्याला हातच लावला नाही. तो वर गेला, मांडीच्या आतल्या बाजूला, जिथं धमनी निरोगी होती, आणि तिथं तिला बांधलं. एका जागी करकचून न आवळता चार दोरे थोड्या थोड्या अंतरावर बांधले. पायाला रक्त कुठून मिळणार? आजूबाजूच्या बारक्या फांद्या रुंद होतील आणि वळसा घालून नेतील, यावर त्याचा भरवसा होता. भुलीचं औषध नव्हतं. ईथर यायला अजून साठ वर्षं होती.

पाय जगला. गाडीवान जानेवारीच्या शेवटी घरी गेला आणि पुन्हा गाडी हाकू लागला. १७८७ साली तो कसल्याशा तापानं गेला तेव्हा हंटरनं खटपट करून तो पाय मिळवला आणि उघडून पाहिला. फुगा आक्रसून घट्ट झाला होता. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या हंटेरियन संग्रहालयात तो जपून ठेवलाय. मांडीतल्या त्या जागेला अजून हंटरचा बोगदा म्हणतात. गाडीवानाचं नाव मला कुठं सापडलं नाही. पाय त्याचा, नाव हंटरचं.

गाडीवानांना हे दुखणं का व्हायचं यावर त्या काळी बरीच चर्चा झाली. उंच बुटाची कड लवणीत सतत घासते, असा एक तर्क होता. खरंखोटं सोडा, पण कामाची खूण धमनीवर उमटते हे मी वॉर्डात पाहिलं. शेजारच्या खाटेवर तिशीतला एक मेकॅनिक होता. अडलेला पाना सैल करायला तो तळहाताच्या करंगळीकडच्या टाचेनं पान्यावर ठोसे द्यायचा, पंधरा वर्षं. त्या जागी कातडीखाली एक धमनी अगदी उघड्यावर, हाडाच्या आकड्याला वळसा घालून जाते. हातोडीसारखा हात वापरून वापरून तिथं वाटाण्याएवढा फुगा आला आणि त्यातल्या गुठळ्यांनी अनामिकेचं टोक काळं पडलं. "काका, तुमचं बरंय, पाय बुटात झाकतो," तो म्हणाला. "हात कुठं लपवू?" त्याचा फुगा कापून काढून तिथं मनगटाजवळची बोटभर शीर जोडायची होती. मी त्याला हंटरची गोष्ट सांगितली. त्यानं नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "गाडी किती घोड्यांची होती?"

माझी शस्त्रक्रिया साडेचार तास चालली. मी पालथा आणि बेशुद्ध, म्हणून पुढचं सगळं दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काढून दाखवलेल्या दुसऱ्या चित्रावरून. लवणीवर चीर सरळ उभी देत नाहीत. सांध्यावरची सरळ जखम भरताना आक्रसते आणि गुडघा पुरता सरळ होत नाही. म्हणून ती नागमोडी असते. माझी वरून आतल्या बाजूनं उतरते, लवणीत आडवी होते आणि बाहेरच्या बाजूनं खाली जाते. मज्जातंतू हलकेच बाजूला धरला, शीर बाजूला केली, आणि तळाशी फुगा. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलं, वर-खाली चिमटे लावले, फुगा उभा चिरला, आतला गाळ काढला.

इथं मला एक गोष्ट फार आवडली. फुगा उघडला तरी त्याच्या भिंतीत आसपासच्या बारक्या फांद्यांची तोंडं असतात आणि ती उलट दिशेनं रक्त आत सोडत राहतात. ती तशीच ठेवली तर बांधून टाकलेला फुगाही पुढं काही वर्षांनी वाढू शकतो. म्हणून ती तोंडं आतून, एकेक टाका घालून शिवतात. ही युक्ती न्यू ऑर्लिन्सच्या रुडॉल्फ मॅटस यांची, १८८८ सालची. छऱ्यांनी जखमी झालेल्या एका तरुणाच्या दंडात फुगा आला होता. मॅटसनी वर धमनी बांधली; ठोका थांबला आणि काही दिवसांनी परत आला. खाली बांधली, तरी ठोका चालूच. तेव्हा त्यांनी फुगा उघडला आणि ती तोंडं दिसली. ठरवून लावलेला शोध नव्हता तो, दोनदा हरल्यावर सुचलेला होता. माझ्या फुग्यात अशी तीन तोंडं होती.

मग शीर. मांडीच्या आतून पंधरा सेंटिमीटर काढून घेतली आणि उलटी करून जोडली, कारण शिरेत झडपा असतात आणि त्या एकाच दिशेनं उघडतात. सुलटी लावली तर रक्त अडेल. नळवाहिनीच्या नकाशात झडपेचा बाण उलटा पडला म्हणून एकदा माझी चांगली खरडपट्टी निघाली होती, त्याची आठवण झाली. दोन्ही टोकांना केसाएवढ्या जाड धाग्यानं शिवण. रक्तवाहिन्या टोकाला टोक लावून शिवायची रीत अलेक्सिस कॅरेल यांनी १९०२ साली मांडली. गोल तोंडाला तीन धागे बांधून ताणायचं, म्हणजे गोलाचा त्रिकोण होतो आणि सरळ कडेवर टाके नीट पडतात. हात बसावा म्हणून त्यांनी ल्योंमधल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईकडं शिकवणी घेतली होती. १९१२ साली नोबेल मिळालं. आणि गुडघ्यामागच्या फुग्याच्या जागी रुग्णाचीच शीर पहिल्यांदा वापरली ती माद्रिदच्या होसे गोयानेस यांनी, १९०६ साली.

शुद्धीवर आलो तेव्हा पायाशी सिस्टर उभ्या होत्या. पावलाच्या वर पेनानं त्यांनी फुली मारली, घोट्याच्या आत दुसरी. मग वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारा पेनाएवढा डॉप्लर फुलीवर टेकवला. आधी नुसती खरखर. त्यांनी कोन बदलला. आणि मग आवाज आला, हुश्श... हुश्श... हुश्श, कुणीतरी लाकडावर रंधा मारत असल्यासारखा. "हा तुमचा," त्या म्हणाल्या, आणि वेळ लिहून ठेवली. रात्रभर दर तासाला त्या यायच्या, फुलीवर टेकवायच्या, आवाज ऐकायच्या, जायच्या. मी झोपेचं सोंग घेऊन ऐकायचो. पहाटे एकदा बराच वेळ खरखरच चालली. माझा श्वास अडकला. "बॅटरी," त्या पुटपुटल्या.

घरी आल्यावर आंघोळीत ती फुली मी बरेच दिवस चोळली नाही.

पाऊल गरम झालं, पोटरी भरून येणं थांबलं. पावलाची बाहेरची कड अजून बधिर आहे. तिथं मुंगी चालली तरी कळत नाही. चीर ओढते, विशेषतः पायऱ्या उतरताना. रोज एक ॲस्पिरिन. शीर कुठं अरुंद होत नाही ना हे पाहायला पहिल्या वर्षात चारदा सोनोग्राफी, आता सहा महिन्यांनी. काळोखी खोली तीच, मुलगीही तीच. "काका, मस्त चाललंय," म्हणते आणि रंग दाखवते. आता एकच लाल पट्टा सरळ जातो, गरगर नाही.

डावा गुडघा गेल्या खेपेला १७ मिलिमीटर निघाला. एका मिलिमीटरची चूक प्रोब धरण्यातही होते, असं ती म्हणाली. मीही आयुष्यभर मोजमापं घेतलीयत, मला ते पटतं.

परवा नातू होडी घेऊन आला. उजवा पाय वर टाकला, होडी ठेवली. ती जरा थरथरली, बस. "आजोबा, नाचत नाही," तो हिरमुसला आणि म्हणाला, "त्या पायावर ठेवा." डावा पाय वर घेतला. बायको समोर वाचत बसली होती. तिनं पुस्तक मिटलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि होडीकडं बघत विचारलं, "किती हलतेय?"